पास्कलचा नियम आणि कोकणचा खारा वारा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, 'सर, पत्रिकेत छपाईची चूक तर नाही ना?' चूक नाही. जुन्या मोटारसायकलचे हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'ऑइल ब्रेक', कुठून आले, आपल्याकडे कधी आले, ते उघडून पुन्हा कसे उभे करायचे आणि त्यातली हवा कशी काढायची, हाच आजचा विषय आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं इथं काय काम, असं तुम्ही विचाराल. तर या ब्रेकचा पाया ज्यानं घातला तो ब्लेझ पास्कल आमच्याच खात्यातला माणूस. ईश्वर आहे की नाही यावर पैज लावावी की लावू नये, हे आम्ही वर्गात ज्याच्या नावानं शिकवतो, तोच हा पास्कल. वर्गात आम्ही त्याची पैज शिकवतो आणि त्याचा द्रवाचा नियम भौतिकशास्त्रवाल्यांकडे सोडून देतो. आज ती उणीव थोडी भरून काढू.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. या ब्रेकमागचं तत्त्व माणसाला फार लवकर समजलं. गळती थांबवायला मात्र अडीचशे वर्षं लागली. आणि आपल्या रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ती गळती अजूनही थांबलेली नाही. फक्त तिची दिशा उलटी झाली आहे. ते कसं, ते पुढे येईल.

यात गंभीर काय आहे, तेही आधीच सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे ब्रेकमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही. पण दुचाकीला ना पत्रा असतो, ना पट्टा. थांबता येणं हेच तिचं संरक्षण.

आता पास्कलकडे. जन्म १६२३, मृत्यू १६६२, म्हणजे उणंपुरं एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. १६६३ म्हटलं की आपल्याला लाल महाल आठवतो. महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला ते हेच वर्ष. तिकडे पॅरिसमध्ये छापून आलेलं म्हणणं असं होतं: बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो कमी न होता सगळ्या दिशांना सारखा पोचतो. मग एका टोकाला लहान दट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला मोठा दट्ट्या ठेवला, तर लहान दट्ट्यावरचा थोडा जोर मोठ्या दट्ट्यावर कितीतरी पट होऊन बाहेर येतो.

मोटारसायकलवर याचा हिशेब करून बघू. समजा, तुम्ही हँडलचा लिव्हर दहा किलोच्या जोरानं दाबलात. लिव्हर ही तरफ आहे, तिनं त्याचे साठ किलो केले. वरच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन १४ मिलीमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. द्रवातला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ चाळीस किलो. खाली चाकापाशी कॅलिपरमधला पिस्टन ३८ मिलीमीटरचा, क्षेत्रफळ अकरा चौरस सेंटिमीटरच्या वर. तिथं जोर निघाला चारशे चाळीस किलोच्या आसपास. दहा किलोचे चारशे चाळीस! पण फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढी हालचाल घटली. लिव्हरजवळचा पिस्टन सेंटिमीटरभर सरकतो, तेव्हा खालचा पिस्टन जेमतेम दीड मिलीमीटर सरकतो. या क्षणी एकूण द्रव किती हलला? दीड घनसेंटिमीटर. औषधाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. माणसाचा जीव या अर्ध्या चमच्यावर टांगलेला असतो, हे लक्षात ठेवा. हवेचा मुद्दा येईल तेव्हा हाच आकडा लागेल.

मग १६६३ साली तत्त्व हाती आल्यावर ब्रेक लगेच का नाही आला? कारण दाब दिला की द्रव फटीतून बाहेर येतो. पास्कलच्या कागदावरच्या दट्ट्याला फट नव्हती, लोहाराच्या दट्ट्याला होती. इंग्लंडात जोसेफ ब्रामा यानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली ते साल. त्याची प्रेस चालली ती मात्र हेन्री मॉडस्ले या त्याच्या कारागिरामुळे. मॉडस्लेनं दट्ट्याभोवती वाटीच्या आकाराचं कातडं बसवलं. आतला दाब वाढला की वाटीची कड भिंतीवर आणखी घट्ट बसायची. जी शक्ती गळती घडवते, तिच्याकडूनच गळती बंद करून घेतली! ही माझ्या मते यंत्रयुगातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक आहे, आणि ती एका कारागिराच्या हातातून आली. ब्रामाचं नाव प्रेसला लागलं. मॉडस्लेचं पुढे लेथ यंत्रासाठी गाजलं, पण ते कातडं सहसा कुणाला आठवत नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेत. माल्कम लॉकहीड यानं १९१७ साली मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळवलं. विमानांची लॉकहीड कंपनी ज्या भावांची, त्यांतलाच हा एक. १९२१ साली ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. लॉकहीडच्या ब्रेकमध्येही वाटी कातड्याचीच होती आणि ती गळायची. क्रायस्लरच्या इंजिनियरांनी तिथं रबराची वाटी घातली, आणि १९२४ साली सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा गाडीत हा ब्रेक आला. म्हणजे पास्कलपासून क्रायस्लरपर्यंत २६१ वर्षं. तत्त्वात काहीच बदललं नव्हतं. बदलली ती वाटी.

आणि त्या वेळी आत भरायचे काय? एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण! खनिज तेलानं रबर फुगतं, एरंडेलानं फुगत नाही. आपल्या आज्या ज्या एरंडेलानं पोट साफ करायच्या, त्यावर जगातल्या मोटारी थांबत होत्या. आज एरंडेल गेलं, त्याच्या जागी ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आला. पण 'ब्रेक ऑइल' हे नाव राहिलं, आणि हे नाव फसवं आहे. नावाला ऑइल म्हणून कुणी इंजिनातलं ऑइल त्यात ओतलं, तर आतलं रबर फुगतं, पिस्टन अडकतो आणि ब्रेक जाम होतो. आम्ही तत्त्वज्ञानात म्हणतो की शब्दांनी विचार बिघडतात. इथे शब्दानं सिलिंडर बिघडतो.

आता दुचाकीकडे वळू. मोटारींना हा ब्रेक मिळाला तरी मोटारसायकली पुढची चाळीसेक वर्षं तारेवर आणि रॉडवरच चालल्या. १९६२ साली इटलीच्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरला पुढे डिस्क आली, पण तीही तारेनं ओढायची. मोठ्या संख्येनं बनलेल्या मोटारसायकलला हायड्रॉलिक डिस्क मिळाली ती १९६९ साली, होंडा सीबी ७५० ला. तिथून जगात चित्र बदललं.

आपल्याकडे काय होतं? चारचाकीत ऑइल ब्रेक होताच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, पुढची पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, महिंद्राची जीप, या सगळ्यांना तो होता. त्यामुळे पेण, अलिबाग, रोह्याच्या मिस्त्रींना ब्रेकची हवा काढणं नवं नव्हतं. एकानं आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून निपल सोडायचं. 'मार... धर... सोड!' ही आरोळी जुन्या माणसांनी ऐकलेली आहे. दुचाकीचं मात्र वेगळं. भांडुपच्या एपीआयची लॅम्ब्रेटा, बजाजची चेतक, म्हैसूरची जावा, मद्रासची बुलेट, फरिदाबादची राजदूत, सगळ्यांना ड्रम आणि तार. त्यातून एक पक्की समजूत तयार झाली: 'पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर आपटशील.' बापानं मुलाला शिकवलं, मुलानं नातवाला. वास्तविक ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढेच असते. जिथं वाळू किंवा शेवाळ आहे तिथं जपावं, हे खरं. पण एका पिढीच्या यंत्राची मर्यादा पुढच्या पिढ्यांचा धर्म होऊन बसते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. एनफिल्ड इंडियानं जर्मनीच्या झुंडापवर आधारलेली फ्युरी १७५ काढली. तिला पुढे इटलीच्या ब्रेंबोची हायड्रॉलिक डिस्क होती. आणि १९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या परवान्यानं राजदूत ३५० आणली. जपानातल्या मूळ आरडी ३५० ला पुढे डिस्क होती. आपल्या गाडीला ती ठेवली नाही, ड्रम दिला. किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी असं केलं, हे सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. इंजिनाची ताकदही कमी केली होती, पण तरी त्या काळच्या आपल्या रस्त्यावर तिच्याइतकी जोरात पळणारी गाडी नव्हती. धावण्याची शक्ती आली, थांबण्याची शक्ती बंदरावरच उतरवून ठेवली. फ्युरी फार चालली नाही. राजदूतचं उत्पादन दशकाअखेर थांबलं. आज दोन्ही गाड्या शौकीन शोधत फिरतात, आणि राजदूतला नंतर डिस्क बसवून घेणारेही पुष्कळ आहेत.

मग १९९९ ची हीरो होंडा सीबीझी आणि २००१ ची बजाजची पल्सर यांनी पुढची डिस्क तरुणांच्या ओळखीची केली. आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस, त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय कायद्यानं सक्तीची झाली. ब्रेंबोचा कारखाना आज आपल्या चाकणमध्ये आहे. चाक फिरून आलं म्हणा हवं तर. पण हा कायदा नव्या गाड्यांना आहे. जुनी गाडी जशी होती तशीच रस्त्यावर येते, आणि तिची जबाबदारी घेणारा कायदा नाही, माणूस आहे.

इथे रेल्वेशी एक तुलना करतो. आपल्याच जिल्ह्यातून चढणाऱ्या बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे जाते, सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. तिथल्या उतारावर माणसानं शिकलेला धडा असा, की ब्रेक बिघडला तर गाडी थांबली पाहिजे. वेस्टिंगहाउसचा स्वयंचलित हवेचा ब्रेक घ्या किंवा आपल्या रेल्वेनं कित्येक दशकं वापरलेला व्हॅक्यूम ब्रेक घ्या, नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. मोटारसायकलचा ऑइल ब्रेक याच्या नेमका उलट आहे. नळी तुटली, रबर फाटलं, की ब्रेक जातो. रेल्वेच्या ब्रेकनं माणसाच्या चुकीचा हिशेब आधीच केलेला आहे. आपल्या ब्रेकनं असं गृहीत धरलं आहे, की कुणीतरी वेळच्या वेळी काळजी घेतलेली असेल. पास्कलची पैज म्हणतात ती हीच. फक्त इथे पैज रोज लावतो आणि पणाला काय लावलं ते आपल्याला दिसत नाही.

आता किनाऱ्याची गोष्ट. ग्लायकॉलच्या द्रवाला एक खोड आहे. तो हवेतली ओल पितो. नळीच्या रबरातून, टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून, उघड्या डब्यातून थोडी थोडी ओल आत शिरत राहते. सुरुवातीला मी उलट्या दिशेची गळती म्हटलं ती ही. मॉडस्लेच्या वाटीनं द्रवाला बाहेर जाऊ दिलं नाही, पण कोकणच्या दमट हवेला आत येताना कुणी अडवलं नाही. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं, की ही मर्यादा १५५ पर्यंत येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ज्या अलिबागला वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भर मे महिन्यातही कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं हे पाणी किती लवकर मिसळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

१५५ अंश तर पुष्कळ झाले, असं वाटेल. हिशेब करू. मोटारसायकल आणि वर दोन माणसं मिळून तीनशे किलो धरा. शंभर मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात एक लिटर पाणी तीस अंशांवरून शंभरपर्यंत तापेल. आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरा. हजार मीटरच्या वर उतार. दहा-बारा लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता. यातला काही भाग वाऱ्यात जातो, काही इंजिन गिळतं. पण राजदूत ३५० आणि फ्युरी या दोन्ही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरत नाही. बाकी सगळा भार ब्रेकवर. कॅलिपर तापतो, द्रवातलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते. वाफ म्हणजे हवाच समजा, दाबली की दबते. लिव्हर हँडलला टेकतो आणि खाली काही होत नाही. पायथ्याशी पोचेपर्यंत सगळं थंड होतं, लिव्हर पुन्हा कडक लागतो, आणि मागून पाहणारा म्हणतो, 'ब्रेक तर व्यवस्थित आहेत.' असा दोष पंचनाम्यात सापडणं कठीण असतं.

दुसरा शत्रू मीठ. जुन्या जपानी गाड्यांचा कॅलिपर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा, पिस्टन क्रोम चढवलेल्या पोलादाचा. काशीद-मुरूडकडच्या रस्त्यावर समुद्राचा फवारा थेट गाडीवर येतो. धुळीचं रबर फाटलं असेल, तर त्याच्या आड पिस्टनच्या क्रोमला बारीक खड्डे पडतात, आणि सीलच्या खाचेत अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते. ती सीलला आतून ढकलते, पिस्टन मागे सरकत नाही, ब्रेक सतत घासत राहतो. घासला की तापतो, तापला की पुन्हा वाफ. एक दोष दुसऱ्याला जन्म देतो तो असा.

तेव्हा अशी वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी चालती करायची तर करायचं काय? नीट सांगतो. आधी टाकीवर जुनी चादर टाका, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर लगेच पाणी ओता, पाण्यानं तो निघतो. कॅलिपर सोडवायच्या आधी लिव्हर दाबून पिस्टन जवळपास बाहेर आणा. एकदा नळी सुटली की तो काढणं अवघड. कॉम्प्रेसरच्या हवेनं काढत असाल तर पुढ्यात जाड फडकं ठेवा आणि बोटं लांब ठेवा, पिस्टन गोळीसारखा सुटतो. सील काढून खाच लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडीनं साफ करा, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका. रबराचे भाग पेट्रोलनं धुऊ नका, ते फुगतात. ताजा ब्रेक द्रव चालतो. पिस्टनवर नखाला लागेल असा खड्डा असेल तर तो पिस्टन बदला, पॉलिश पेपरनं घासून भागवू नका.

त्या चौकोनी सीलकडे जरा लक्ष द्या. पिस्टन पुढे गेला की ते किंचित पीळ खातं, आणि लिव्हर सोडला की पीळ सुटताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. कॅलिपरमध्ये वेगळी स्प्रिंग नसते. रबराची स्मृती हीच तिची स्प्रिंग. म्हातारं रबर ही स्मृती हरवून बसतं, म्हणून नव्या किटला पर्याय नाही. वर मास्टर सिलिंडरमध्येही नवं किट टाका. तिथं टाकीच्या तळाशी एक अगदी बारीक भोक असतं, जुन्या गाडीत ते हमखास बुजलेलं. तापलेला, फुगलेला द्रव या भोकातून वर परततो. ते बंद असेल तर ब्रेक आपोआप लागत जातो. गिटारची सगळ्यात बारीक तार त्यात अलगद घालून ते मोकळं करा. होज पाईप नवा घ्या आणि जोडाच्या तांब्याच्या वॉशरही नव्या.

आता हवा. सुरुवातीचा अर्धा चमचा आठवा. दीड घनसेंटिमीटर द्रव हलतो, त्यातच सगळा ब्रेक. नळीत एक घनसेंटिमीटर हवा राहिली आणि दाब वीस पट झाला, की तो बुडबुडा आक्रसून विसाव्या हिश्शावर येतो. म्हणजे तुमच्या हाताची दोनतृतीयांश हालचाल बुडबुडा दाबण्यातच संपली. लिव्हर मऊ लागतो म्हणतात तो यामुळे. रेल्वेच्या ब्रेकमध्ये हवा नोकर असते, इथे ती चोर असते.

पद्धत मोटारीचीच. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवा. लिव्हर सावकाश दोन-चारदा दाबा, दाबून धरा, पान्यानं निपल पाव फेरा सोडा, बुडबुडे जाऊ द्या, निपल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत येते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. आता मोटारसायकलची मेख अशी, की हवा वर जायला बघते आणि आपण तिला खाली निपलकडे ढकलत असतो. म्हणून कित्येकदा तासभर खटपट करूनही लिव्हर कडक होत नाही. अशा वेळी दोन उपाय. एक, मोठ्या सिरिंजनं खालून निपलमधून द्रव वर ढकलायचा, म्हणजे हवेला तिच्या स्वभावाप्रमाणे जाऊ द्यायचं. दुसरा, लिव्हर दाबून हँडलला बांधायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. अलिबागमधल्या एका वयस्कर मिस्त्रींना मी विचारलं, 'बांधून काय होतं?' ते म्हणाले, 'सर, बारीक बुडबुडे रात्रीत वर सरकून एक होतात. सकाळी दोरी सोडली की टाकीत येतात. घाई केली तर ते दिसतच नाहीत.' त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि असं ज्ञान पुस्तकात क्वचितच येतं. ते हाताहातानं जातं, आणि हात थांबले की जातं.

एक प्रश्न नेहमी येतो: एवढं सगळं बदललं तर गाडी 'ओरिजिनल' कुठे राहिली? हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: आस म्हणजे रथ काय? चाकं म्हणजे रथ काय? प्रत्येकाला राजा 'नाही' म्हणतो, आणि मग लक्षात येतं की रथ हे भागांच्या विशिष्ट जुळणीला दिलेलं नाव आहे. सरकारचा २०२१ चा नियमही या प्रश्नाला अडखळतो. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. हे योग्यच. या हिशेबानं सुरुवातीची सीबी ७५० व्हिंटेज झाली. १९८३ च्या राजदूतला २०३३ ची वाट पाहावी लागेल.

पण ब्रेकच्या बाबतीत मूळपणाचा अर्थ वेगळा घ्यावा लागतो. टाकीचा फिकट झालेला रंग जपा, मीटरची पिवळी पडलेली काच जपा, ते इतिहासाचे साक्षीदार आहेत. पन्नास वर्षं जुनं रबर आणि दहा वर्षं जुना द्रव मात्र साक्षीदार नाहीत. ज्यानं ती गाडी बनवली, त्यानंच तिच्या पुस्तिकेत हे बदलत राहा म्हणून लिहून ठेवलं होतं. द्रव बदलणारा माणूस निर्मात्याशी जास्त प्रामाणिक आहे, न बदलणाऱ्यापेक्षा. काही जण रंग वाचावा म्हणून सिलिकॉनचा डॉट ५ द्रव भरतात. तो रंग खात नाही आणि ओलही पीत नाही. पण मग आत शिरलेलं पाणी त्यात न मिसळता कॅलिपरच्या तळाशी थेंबानं साचतं आणि तिथंच गंज धरतं. कोकणात पाण्याला जागा द्यावीच लागते. मिसळून काढून टाकणं, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते. शनिवारी-रविवारी तिच्यातून जुन्या, चकचकीत गाड्या उतरतात. इकडे आपल्याच गावांत वडिलांची, काकांची गाडी पडवीतून बाहेर काढून तिला पुन्हा जीव देणारी मुलं आहेत. मला दोघांचंही कौतुक आहे. त्यांना एवढंच सांगणं, की क्रोमला दिलेल्या वेळातला एक दिवस त्या अर्ध्या चमच्याला द्या. दर दोन वर्षांनी, आणि आपल्याकडे खरं तर दर पावसाळा संपला की, द्रव बदला. उघडून ठेवलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नका. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन ऑइल जसं बदलता, तसा ब्रेकचा द्रवही बदला. २०२१ च्या महाडच्या पुरानंतर हे सांगायची वेळ आली होती, पुन्हाही येईल. आणि जवळच्या जुन्या मिस्त्रींकडे एकदा जाऊन, नीट हवा काढलेला लिव्हर हाताला कसा लागतो, तेवढं शिकून घ्या. त्यांच्यानंतर ते सांगणारं कुणी असेलच असं नाही.

 कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारा. आणि कुणी जुनी गाडी घेऊन आलं असेल, तर निघायच्या आधी एकदा लिव्हर दाबून बघा.